काउंटर सोडण्यापूर्वी

एकतीस वर्षं मी लोकांचे हात पाहिले. चेहरे नंतर. काउंटरच्या काचेला खाली वीतभर फट असते. त्या फटीतून आधी हात आत येतो, हातामागून पैसे, आणि वर बघायला सवड मिळालीच तर माणूस. अजूनही रस्त्यात कुणी "ओळखलंत का मॅडम?" म्हणून उभं राहिलं, की माझी नजर आधी त्याच्या बोटांकडे जाते. बोटं ओळखीची निघाली तर त्यांनी पैसे कसे दिले होते तेही आठवतं. मग माझा चेहरा बहुतेक आंबट होत असावा, कारण लोक लगेच निरोप घेतात.

शनिवार पेठेतल्या एका सहकारी बँकेच्या शाखेत मी कॅशियर होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. बँकेचं नाव लिहीत नाही. माझी ठेव अजून तिथंच आहे. संपादकांनी "नोकरीतल्या गमतीजमती लिहा" असं कळवलंय. गमती होत्या. त्या आधी उरकून घेते, कारण मला लिहायचंय ते वेगळंच आहे.

लोकांना वाटतं, मशीन मोजतं, कॉम्प्युटर लिहितो, ही बाई नुसती बसते. तर काम असं असतं. सकाळी तिजोरीतून ठरावीक रक्कम माझ्या ताब्यात यायची. दिवसभर तिच्यात भर पडायची आणि तिच्यातून जायची. चार वाजता काउंटर बंद झाला की कॉम्प्युटर एक आकडा सांगायचा आणि माझा ड्रॉवर एक. दोन्ही जुळले तर घरी. जास्त निघाले तर ते बँकेच्या एका खात्यात पडून राहायचे. कमी पडले तर मी भरायचे. म्हणजे चूक कुणाचीही असो, जास्तीचे बँकेचे आणि कमीचे माझे. ही नोकरीची अट आहे, तक्रार नाही. एकतीस वर्षांत मला एका दिवशी भरावी लागलेली सगळ्यात मोठी रक्कम शंभर रुपये होती. हे शाखेत सगळ्यांना माहीत होतं, आणि एखाद्याला नसलं तर मी सांगत असे.

आता लोक पैसे कसे देतात ते ऐका. कुणी गठ्ठ्याला स्टेपल मारून आणतात. मारू नये हे त्यांना माहीत असतं, पण "दुकानात मारलं होतं हो, मी कुठं मारलं" असं सांगतात. ती पिन काढताना माझं नख उचकटायचं आणि नोट फाटायची. मग तेच गृहस्थ म्हणायचे, "फाडलीत ना तुम्ही!" कुणी अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजतात आणि शेवटची नोट मोजून झाली की तोच हात माझ्यापुढे करतात. माझ्या टेबलावर ओल्या स्पंजाची डबी असायची. ती मी काचेबाहेर ठेवून पाहिली. एका आजोबांनी तीत पेन बुडवलं.

कुणाचा नंबर येतो तेव्हा त्यांना आठवतं की आपण पैसे भरायला आलोय. मग पिशवी उघडते, पिशवीतून डबा निघतो, डब्याखालून पाकीट, पाकिटातून नोटा, आणि सगळं झाल्यावर, "स्लिप भरायची असते का?" मागे पंधरा माणसं. दिवाळीच्या आधी सगळ्यांना कोऱ्या नोटा हव्या असतात. स्वतः भरताना मात्र ज्या नोटेवर कुणी भाजीचा हिशेब केलाय, कुणी फोन नंबर लिहिलाय, ती बरोबर गठ्ठ्याच्या मधोमध घालून देतात. हल्लीची मुलं कानात ते पांढरं बोंडूक घालून दुसऱ्याच कुणाशी बोलत असतात. "हां, बोल ना" म्हटलं की ते मला आहे असं समजून मी दोनदा उत्तर दिलंय. एकाने तर बँकेच्या कॅश काउंटरवर फोन उंच धरून विचारलं, "मॅडम, स्कॅनर कुठंय?" मी म्हटलं, "छतावर आहे, अजून उंच धरा." त्याने धरला.

आणि फेकणारे. वाघोलीकडे कुणाची जमीन विकली गेली होती. त्यांचा मुलगा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला आणि त्याने काचेच्या वरून गठ्ठा आत टाकला. तो माझ्या चष्म्यावर आला. "मोजा ओ मॅडम, टेन्शन नाय." मी गठ्ठा त्याच वाटेने बाहेर टाकला. म्हटलं, "हातात द्या. मी टेन्शन घेऊन मोजते." तो रागावला नाही, हसला. पण मला हसू आलं नाही. पैसे समोरच्याच्या हातात न देता टाकायचे, यात काय सांगायचं असतं ते टाकणाऱ्याला कळत नसेल कदाचित. झेलणाऱ्याला कळतं. दिवसातून शंभर वेळा कळलं की माणूस कडू होतो. मी झाले. माझी मुलगी म्हणते, "आई, तू दूधवाल्याशीसुद्धा काचेमागून बोलतेस."

माझ्या काउंटरमागे, डोक्यावरच्या भिंतीवर एक पाटी होती. निळ्यावर पांढरी अक्षरं. "काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत. नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही." सगळ्या बँकांत असते. एकतीस वर्षं ती माझ्या डोक्यावर होती आणि मी ती कधी नीट वाचली नव्हती. गिऱ्हाइकांसाठी आहे म्हणून सोडून दिली होती.

या सगळ्या गर्दीत दोन माणसं अशी होती की एकाचा हात फटीतून आला की माझ्या कपाळावरची आठी जायची आणि दुसरीचा आला की यायची. आठी जायची ती हेडसरांमुळे.

हेडसर म्हणजे माझ्याच शाळेचे मुख्याध्यापक. मी आठवीत असताना ते गणित शिकवायचे. आता ऐंशीच्या पुढे होते. ते एका ज्येष्ठ नागरिक मंडळाचे खजिनदार होते आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मंडळाची वर्गणी भरायला यायचे. त्यांचा भरणा म्हणजे बघत राहावं असा. सगळ्या नोटा एका तोंडाने. दहा-दहाचा एकेक जुडगा, नऊ नोटा सरळ आणि दहावी त्यांच्याभोवती आडवी दुमडलेली. ही जुनी पद्धत. आता कुणाला येत नाही. स्लिप शाईच्या पेनाने भरलेली, अक्षर फळ्यावरचं. गठ्ठा दोन्ही हातांनी फटीतून आत द्यायचे आणि म्हणायचे, "घे. बरोबर आहेत."

बरोबर आहेत म्हटल्यावर मी मोजत नसे. कॅशियरने मोजायचेच असतात, वडील असले तरी. पण हेडसरांसमोर त्यांचा गठ्ठा मशीनमध्ये घालायचा म्हणजे त्यांच्या गणिताची वही तपासायला घेतल्यासारखं वाटायचं. सुरुवातीला एकदा घातला होता. मशीनने आकडा दाखवल्यावर ते म्हणाले, "पटलं?" त्यानंतर मी कधी मोजले नाहीत. गठ्ठा ड्रॉवरमध्ये, शिक्का स्लिपवर, "या सर." मला यात अभिमान वाटायचा. निदान एका माणसाला पैसे देण्याची रीत माहीत आहे, आणि ती ओळखणारी मी आहे.

आठी यायची ती सुभद्राबाईमुळे.

सुभद्राबाई कात्रजच्या पलीकडच्या एका गावातून भाजी घेऊन यायची. ते गाव आता शहरातच आहे, पण तिच्या बोलण्यात गाव तसंच होतं. आमच्या शाखेपासून चार दुकानं सोडून फूटपाथवर बसायची. कोथिंबीर, मेथी, आंबट चुका. दुपारी दोनच्या सुमाराला गिऱ्हाईक कमी झालं की आमच्या शिपायाला, गायकवाडांना, भाजीकडे बघायला सांगून पैसे भरायला यायची. भाजीवर पाणी मारून हात सतत ओले, त्याच हातांनी नोटा कनवटीला लावलेल्या. म्हणजे नोटा ओल्या, चुरगळलेल्या, घड्या घालून बोटाएवढ्या झालेल्या. त्या घड्या मी एकेक करून उलगडायची. मशीन ओली नोट घेत नाही, अडकतं. त्यामुळे तिच्या नोटा मला हाताने मोजाव्या लागायच्या, आणि मोजून झाल्यावर माझ्या हाताला कोथिंबिरीचा वास यायचा. घरी जाऊन भात कालवताना यायचा.

"मावशी, पैसे वाळवून आणत जा हो."

"उन्हात ठिवते की ताई. पर पुन्हा हात लागतोय." असं म्हणून ती हसायची. पुढच्या वेळी पुन्हा ओल्याच.

पण एक सांगायला हवं. ती पैसे कधी टाकत नसे. फटीतून हात आत घालून माझ्या तळव्यावर ठेवायची आणि वरून तिची बोटं दाबायची, पोराच्या हातात खाऊ ठेवावा तशी. पैसे काढायला आली तर मी देईन ते न मोजता कनवटीला लावायची. "मोजा मावशी," मी पाटीकडे बोट दाखवायची. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणायची, "तुमी मोजलं न्हवं? मग झालं." मला वाटायचं, हिला व्यवहार कळत नाही. हेडसरांचे पैसे मी न मोजता घ्यायची त्याला मी मान म्हणत होते आणि ती माझे न मोजता घ्यायची त्याला अडाणीपणा. हे आता लिहिताना कळतंय.

माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत. सकाळी हेडसर आले. स्लिपवर पाचशेच्या ऐंशी नोटा, चाळीस हजार. "घे. बरोबर आहेत." ड्रॉवरमध्ये. दुपारी सुभद्राबाई आली. त्या दिवशी तिचा भरणाही मोठा होता. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचा पहिला हप्ता पंधरा दिवसांत भरायचा होता. भिशी लागली होती. पाचशेच्या अडतीस नोटा, एकोणीस हजार. अर्थात ओल्या. मी दहा-दहाचे ढीग लावून मोजल्या. मधे फोन वाजला, मी उचलला, ठेवला, पुन्हा मोजायला लागले. अडतीस.

चार वाजता माझ्या ड्रॉवरमध्ये पाच हजार कमी होते.

मी तीनदा मोजलं. मग आमचे शाखाधिकारी मोजायला आले. ते तरुण होते, माझ्या मुलीच्या वयाचे, वागायला वाईट नव्हते. त्यांनी मोजलं. पाच हजार कमी, पाचशेच्या बरोबर दहा नोटा. दुसरी कुठली नोट इकडे-तिकडे नाही. कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. कॅमेरा माझ्या मागे होता. त्यात दिवसभर माझा अंबाडा दिसत होता आणि त्याच्या पलीकडे लोकांची डोकी.

"मॅडम, आज मशीनशिवाय कुणाचे घेतलेत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "भाजीवालीचे."

हे उत्तर किती पटकन आलं ते मला अजून आठवतं. हेडसरांचं नाव मनात आलंच नाही. लपवलं असं नाही. आलंच नाही. मशीनशिवाय म्हणजे हाताने, आणि हाताने म्हणजे ओल्या नोटा. हेडसरांचे तर मी हातानेही मोजले नव्हते. सात जुडगे होते की आठ, हे एका नजरेत दिसलं असतं. नजरसुद्धा टाकली नव्हती.

मग मला हळूहळू आठवायला लागलं. फोन वाजला तेव्हा दोन ढीग झाले होते, नंतर मी बहुतेक त्यातलाच एक पुन्हा धरला, म्हणजे अठ्ठावीसचे अडतीस झाले. जितकं आठवत गेले तितकं ते स्पष्ट होत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी शपथेवर सांगितलं असतं.

मी पाच हजार भरू शकत होते. आमच्या घरात त्याने चूल बंद पडली नसती. पण एकतीस वर्षं शंभर रुपये, आणि जाता जाता रजिस्टरवर पाच हजारांची तूट? निरोप समारंभात साहेब काय बोलले असते? मला तो डाग नको होता. खरं कारण एवढंच आहे.

गायकवाड तिला बोलावून घेऊन आले. ती पदराला हात पुसत आली आणि सवयीने फटीपाशी येऊन उभी राहिली. साहेबांनी तिला आत केबिनमध्ये बसवलं. खुर्चीच्या कडेवर बसली.

मी सांगितलं, "मावशी, काल तुमच्या नोटा अठ्ठावीस होत्या. मोजताना माझी चूक झाली, मी अडतीस धरल्या."

"नातीनं मोजून दिल्या व्हत्या ताई. अडतीस."

"तिची चूक झाली असेल."

"नर्सिंगला चाललीय ती," सुभद्राबाई म्हणाली. "बारावीला तिला गनितात शंबरातलं ब्यान्नव हायेत."

साहेब म्हणाले, "मावशी, कुणी तुम्हाला खोटं म्हणत नाही. फक्त फॉर्मॅलिटी आहे. खात्यातून पाच हजार वळते करायचे, इथं अंगठा द्यायचा."

ती साहेबांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिथं काच नव्हती, त्यामुळे मला कुठं बघावं कळेना. मग ती म्हणाली, "ताई, तुमास्नी नक्की ठावं हाय?"

मी म्हणाले, "हो."

"तुमी म्हनता तर आसंल," असं म्हणून तिने अंगठा दिला. शाई पुसायला मी तिला कागद पुढे केला. तो न घेता तिने अंगठा पदरालाच पुसला आणि भाजीकडे गेली.

तेव्हापासून मी प्रत्येकाचे पैसे दोनदा मोजू लागले. रांग कुरकुरायची, मी मोजत राहायची. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हेडसर आले. स्लिपवर पुन्हा ऐंशी नोटा. "घे. बरोबर आहेत." गठ्ठा हातात घेतला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. आडव्या दुमडलेल्या नोटा मोजल्या. सात.

मी जुडगे उलगडले आणि मशीनमध्ये घातले. सत्तर.

"सर, सत्तर आहेत."

"मशीन बिघडलंय."

मी हाताने मोजल्या, एकेक नोट त्यांच्यासमोर ठेवत. सत्तर. सरांनी खांद्यावरची शबनम पिशवी चाचपली, कप्पे उलटे केले, खिसे पाहिले. त्यांची बोटं थरथरत होती. ती किती दिवस थरथरत असतील कोण जाणे. मी गठ्ठ्याकडे बघायची नाही तर बोटांकडे कुठून बघणार? शेवटी त्यांनी स्लिपवर आठाचा सात केला आणि शेजारी सही केली. अक्षर फळ्यावरचं राहिलं नव्हतं.

मी अगदी हळू म्हणाले, "सर, गेल्या महिन्यात मी मोजले नव्हते. तेव्हाही दहाच नोटा कमी पडल्या होत्या. घरी एकदा बघाल का?"

ते ताठ झाले. आठवीच्या वर्गात व्हायचे तसेच.

"वर काय लिहिलंय?"

"सर?"

"पाटीवर. वाच. मोठ्याने वाच."

मी साठीला आलेली बाई. रांगेत माझ्या ओळखीची माणसं. मी मान उलटी करून माझ्या डोक्यावरची पाटी मोठ्याने वाचली. काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत. नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही.

"घेतलेस मोजून?"

"नाही सर."

"मग झालं," असं म्हणून ते गेले. मी निवृत्त झाल्यावर गायकवाडांकडून कळलं की मंडळाचा भरणा आता दुसरेच एक गृहस्थ आणतात. सरांनी प्रकृतीच्या कारणाने खजिनदारपद सोडलं होतं. पाच हजार त्यांना घरी कधी सापडले का, हे मला माहीत नाही. मला सरांचा राग आला होता आणि अजून आहे. पण ते म्हणाले त्यात चूक काहीच नव्हतं. ते काउंटर सोडून गेले होते.

मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, प्रूफ काय आहे? व्हाउचरवर तिचा अंगठा आहे. विषय क्लोज झालाय. आता रिव्हर्स करायचं तर वर लिहून कळवावं लागेल, तुमचंही नाव येईल आणि माझंही. तीन आठवड्यांत रिटायर होताय तुम्ही. कशाला?"

मी जे ऐकायला गेले होते तेच ते बोलले. नाहीतर मी लेखी अर्ज घेऊन गेले असते.

स्वतःच्या खात्यातून पाच हजार काढले आणि दुपारी फूटपाथवर गेले. सुभद्राबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. मी पाकीट पुढे केलं. म्हटलं, "मावशी, तुमचे पैसे सापडले. बँकेचीच चूक होती."

"कुनाकडं निगाले?"

"हिशेबात निघाले," मी म्हणाले. माझी चूक, असं म्हणाले नाही. सरांचं नाव तर नाहीच घेतलं. वाटेत पाठ करून आले होते, "मावशी, मला माफ करा," पण शेजारी गाजरवाला ऐकत होता, आणि मी ते तसंच गिळलं.

तिने पाकीट घेतलं. त्यातल्या नोटा बाहेर काढल्या आणि मोजल्या. मी तिला पैसे मोजताना पहिल्यांदा पाहत होते. ओठ हलवत, प्रत्येक नोट दोन बोटांत चोळून.

"फीचं काय झालं?" मी विचारलं.

"भरली. चार दिस उशिरा. दंड लागला." मग म्हणाली, "मेथी पायजे का म्याडम?"

तोवर मी ताई होते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ती खातं बंद करायला आली. अर्ज कुणी तरी सुबक अक्षरात लिहून दिला होता, बहुधा नातीने. कारणाच्या रकान्यात "गैरसोय" एवढंच लिहिलं होतं. मी साहेबांची सही आणली, रक्कम काढली. बावीस हजार सातशे चाळीस. मशीनमध्ये दोनदा घातली, मग हाताने मोजली. सगळ्या कोऱ्या नोटा दिल्या. मी त्या फटीतून तिच्या हातात द्यायला गेले, तर तिने हात मागे घेऊन काउंटरवर बोट टेकवलं. हितं ठेवा, अशी खूण. मी ठेवल्या. तिने उचलल्या.

आणि समोरच्या बाकावर बसून मोजायला लागली. मांडीवर पदर पसरला, दहा-दहा नोटांचे ढीग बाकावर ओळीने लावले. पंखा चालू होता, तर प्रत्येक ढिगावर पिशवीतला एकेक बटाटा ठेवला. रांगेतल्या एकाने म्हटलंही, "अहो मावशी, मशीनने मोजलेत ते!" तिने वर पाहिलं नाही. एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी पुढच्या माणसाला थांबवून ठेवलं होतं. का, ते मला सांगता आलं नसतं, पण ती मोजत असताना दुसऱ्या कुणाचे पैसे हातात घेणं मला शक्य नव्हतं.

मोजून झाल्यावर ती फटीपाशी आली.

"बराबर हायेत." मग मान वर करून तिने पाटीकडे पाहिलं. "ह्ये तुमी मला सारकं दाखवायच्या. काय लिवलंय हितं?"

महिन्याभरात दुसऱ्यांदा मी ती पाटी मोठ्याने वाचली. तिने शेवटपर्यंत ऐकली.

"तक्रार चालनार न्हाई म्हंजे कुनाची?"

"कुणाचीच," मी म्हणाले.

सुभद्राबाईने पैसे कनवटीला लावले, बटाटे पिशवीत टाकले.

"तुमची चालली की," ती म्हणाली आणि काउंटर सोडून गेली.

तिच्या मागच्या माणसाने इतका वेळ धरून ठेवलेला गठ्ठा काचेखालून आत टाकला. मी तो उचलला आणि मोजायला घेतला.